यूज्ड टू चा घोळ: "जायचो", "सवय आहे" आणि "सवय होतेय" इंग्लिशमध्ये कसं बोलायचं

इंग्लिश बऱ्यापैकी बोलता यायला लागलेली माणसंसुद्धा एका ठिकाणी हमखास अडकतात, आणि ते ठिकाण म्हणजे यूज्ड टू. कोणी "आय यूज टू गो टू जिम डेली" म्हणालं की ऐकणाऱ्याला कळतच नाही की हा अजून जातो का आधी जायचा आणि आता सोडलंय. रेझ्युमेत "आय ॲम यूज्ड टू वर्क अंडर प्रेशर" हे वाक्य तर इतकं सर्रास दिसतं की बऱ्याच जणांना तेच बरोबर वाटायला लागलंय. खरं सांगायचं तर ह्यात अवघड फारसं काही नाहीये, फक्त शाळेत आपल्याला आधी इंग्लिशचा नियम पाठ करायला लावला आणि मग त्यात वाक्य बसवायला सांगितलं, म्हणून सगळं एकमेकांत मिसळलं. आपण उलटं करू, मराठीपासून सुरुवात करू, कारण मराठीत ह्या गोष्टी आपल्याला आधीपासून एकदम क्लिअर आहेत.

ही तीन वाक्यं बघा.

मी पहाटे पाचला उठायचो.
मला पहाटे पाचला उठायची सवय आहे.
मला आता पहाटे पाचला उठायची सवय होतेय.

ह्या तिघांत कोणाचाही गोंधळ होणार नाही, चौथीतल्या मुलाचाही नाही. पहिल्यात जुनी गोष्ट आहे, आता बहुतेक उठत नाही. दुसऱ्यात आत्ताची स्थिती आहे, उठायचा त्रास होत नाही. तिसऱ्यात सवय अजून पूर्ण झालेली नाही, होतेय. आता हेच इंग्लिशमध्ये:

आय यूज्ड टू गेट अप ॲट फाइव्ह.
आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह.
आय ॲम गेटिंग यूज्ड टू गेटिंग अप ॲट फाइव्ह.

शेवटच्या वाक्यात गेटिंग दोनदा आलंय ते चुकून नाही, ते तसंच असतं. इंग्लिशने तिन्ही ठिकाणी तेच यूज्ड टू वापरलंय आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. त्यामुळे तोंड उघडायच्या आधी मनात एकच प्रश्न विचारायचा: मला मराठीत काय म्हणायचंय, "यचो, यचे, यची" का "सवय"? हे एकदा ठरलं की अर्धं काम झालं.

आधी "यचो" वालं घेऊ. मराठी व्याकरणात ह्याला रीतिभूतकाळ म्हणतात, मी जायचो, आम्ही खेळायचो, आजी ओव्या म्हणायची, जुन्या पद्धतीच्या लिखाणात "जात असे" किंवा "म्हणत असे". ह्या सगळ्याला इंग्लिशमध्ये यूज्ड टू आणि त्यापुढे क्रियापद साधं, म्हणजे गो, प्ले, सिंग, त्याला ना एस ना ईडी ना आयएनजी. कर्ता कोणीही असो, आय, ही, दे, माय आजी, काहीच बदलत नाही. "माय ग्रँडमदर यूज्ड टू सिंग ओव्या." संपलं.

आणि हे फक्त केलेल्या कामांसाठी नाही, पूर्वीच्या परिस्थितीसाठीही चालतं. पुणे हे सायकलींचं शहर होतं, "पुणे यूज्ड टू बी अ सिटी ऑफ सायकल्स". मुंबईला आधी इंग्लिशमध्ये बॉम्बे म्हणायचे, "मुंबई यूज्ड टू बी कॉल्ड बॉम्बे". लोअर परळला मॉलसमोर उभं राहून कोणाला सांगायचं असेल की इथे पूर्वी गिरणी होती, तर "देअर यूज्ड टू बी अ मिल हिअर". हे "देअर यूज्ड टू बी" नीट तोंडात बसवा बरं का, कारण आपण गावाबद्दल, घराबद्दल, गल्लीबद्दल बोलताना "इथे आधी अमुक होतं" हे सतत म्हणतो आणि इंग्लिशमध्ये मात्र नुसतं "बिफोर हिअर वॉज मिल" असं काहीतरी जोडून टाकतो. तसंच "यायचं" चं पण एक आहे, माझ्या आजोबांना मोडी वाचता यायची, हे "माय ग्रँडफादर यूज्ड टू बी एबल टू रीड मोडी", किंवा सरळ "कुड रीड मोडी". यूज्ड टू कॅन असं काही नसतं.

आता एक महत्त्वाचं, विशेषतः नोकरीच्या इंटरव्ह्यूला जाणाऱ्यांसाठी. यूज्ड टू म्हटलं की समोरचा बहुतेक वेळा असंच समजतो की ते आता बंद झालंय. तुम्ही आजही क्लायंट सांभाळता आणि सांगितलंत "आय यूज्ड टू हँडल क्लायंट्स", तर त्याच्या डोक्यात बसलं की हे काम आता ह्यांच्याकडे नाही. आज करत असाल तर साधा वर्तमानकाळ घ्या, "आय हँडल क्लायंट्स". पूर्वीही करायचो आणि अजूनही करतो असं असेल तर पुढे "अँड आय स्टिल डू" जोडा म्हणजे शंका राहत नाही.

ह्याच्याच जोडीला सगळ्यात कॉमन चूक येते ती म्हणजे "आय यूज टू गो" हे आजच्या सवयीसाठी वापरणं. मी रोज सकाळी फिरायला जातो, हे "आय यूज टू गो फॉर अ वॉक" नाही. आजच्या सवयीसाठी इंग्लिशमध्ये असा यूज टू नाहीच, तिथे "आय गो फॉर अ वॉक एव्हरी मॉर्निंग" किंवा "आय यूज्वली गो". गंमत म्हणजे काही शतकांपूर्वीच्या इंग्लिशमध्ये "आय यूज टू" हे वर्तमानकाळात चालायचं, यूजचा एक अर्थच तेव्हा नेहमी करणे असा होता, पण तो वर्तमानकाळ पुढे मरून गेला आणि फक्त भूतकाळातला यूज्ड टू शिल्लक राहिला. म्हणूनच हा शब्द इतका एकटा पडल्यासारखा वागतो, त्याला आज ना वर्तमान आहे ना भविष्य.

दुसरी चूक आपली खास आहे. "मी त्या शाळेत जात होतो" हे मराठीत चालतं, आणि त्यावरून लगेच "आय वॉज गोइंग टू दॅट स्कूल" होतं. मराठीतलं "जात होतो" दोन कामं करतं, त्या क्षणी रस्त्यात होतो हे पण आणि रोज जायचो हे पण. इंग्लिशमधलं "वॉज गोइंग" मुख्यतः पहिलंच काम करतं. त्यामुळे ऐकणारा विचारात पडतो की बरं, शाळेत जात होतास, मग वाटेत काय झालं? तुमचं "जात होतो" जर "जायचो" ने बदलता येत असेल तर यूज्ड टू घ्या, बदलता येत नसेल तर वॉज गोइंग. "मी स्टेशनला जात होतो तेव्हा तुझा फोन आला" इथे जायचो बसत नाही, म्हणजे वॉज गोइंग बरोबर.

आणि जे लोक भूतकाळ आहे म्हणून वॉज टाकायलाच पाहिजे असं समजून "आय वॉज यूज्ड टू गो" म्हणतात त्यांनी प्लीज तो वॉज काढून टाका. यूज्ड मधला तो ईडी हाच तुमचा भूतकाळ आहे, आणखी एकाची गरज नाही. वॉज आला की अर्थ सरळ "सवय" कडे जातो, ते खाली बघू.

यूज्ड टू कुठे वापरायचं नाही तेही बघून घेऊ. किती वर्षं किंवा किती वेळा हे मोजून सांगायचं असेल तर साधा भूतकाळ. मी पाच वर्षं नाशिकला राहिलो, "आय लिव्ह्ड इन नाशिक फॉर फाइव्ह इयर्स", इथे यूज्ड टू लिव्ह नको. पण मी आधी नाशिकला राहायचो, वर्षं न सांगता, तर "आय यूज्ड टू लिव्ह इन नाशिक". गोव्याला तीनदा गेलो, "आय वेंट टू गोवा थ्री टाइम्स". मात्र वर्षातून तीनदा जायचो असेल तर ती पुन्हा सवय झाली, "आय यूज्ड टू गो टू गोवा थ्री टाइम्स अ इयर" एकदम ठीक. मुंबईत पूर्वी ट्राम चालायच्या, "ट्राम्स यूज्ड टू रन इन मुंबई". आणि शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली, हे एकदाच घडलेलं आहे म्हणून "द लास्ट ट्राम रॅन". दोन्ही वाक्यं एकाच विषयाची आहेत पण एक रीत सांगतं आणि एक घटना, हा फरक मनात पक्का झाला की चुका खूप कमी होतात.

प्रश्न आणि नकार. इथे डिड येतो, आणि डिड आला की पुढचा ईडी जातो, जसं डिड गो, डिड ईट तसंच. "डिड यू यूज टू लिव्ह इन ठाणे?" "आय डिडन्ट यूज टू लाइक कारली." लिहिताना यू-एस-ई, पुढे डी नाही. बोलताना फरक ऐकूच येत नाही, कारण यूज्ड टू चा उच्चार पटकन बोलताना "यूस्टू" होतो, तो डी पुढच्या टी मध्ये विरघळून जातो, आणि म्हणून इंग्लिश ज्यांची मातृभाषा आहे असे लोकही लिहिताना इथे घसरतात. परीक्षेत मात्र डिड असेल तर डी नाही, डिड नसेल तर डी हवाच, एवढं धरून चाला. डिडन्ट यूज टू जरा जड वाटत असेल तर नेव्हर वापरा, "आय नेव्हर यूज्ड टू लाइक कारली", ह्यात डिड नाही म्हणून डी परत आला. शेपटीचा प्रश्न सुद्धा डिडनेच, "यू यूज्ड टू लिव्ह इन ठाणे, डिडन्ट यू?"

छोटं उत्तर देताना टू गिळू नका. "डू यू प्ले क्रिकेट?" ह्याला उत्तर "आय यूज्ड टू." म्हणजे खेळायचो, आता नाही. टू वर वाक्य थांबतं, विचित्र वाटलं तरी तेच बरोबर आहे आणि बोलताना फार छान वाटतं.

वुड बद्दल पण थोडं सांगते, कारण जुन्या आठवणी सांगताना सतत यूज्ड टू, यूज्ड टू केलं की कंटाळवाणं होतं. आधी एक यूज्ड टू ने काळ उभा करायचा आणि मग पुढची कामं वुडने सांगायची. "एव्हरी मे वी यूज्ड टू गो टू कोकण. वी वुड ईट मँगोज ऑल डे, अँड आजोबा वुड टेल अस घोस्ट स्टोरीज ॲट नाइट." आयईएलटीएस ह्या इंग्लिशच्या परीक्षेत स्पीकिंगमध्ये लहानपणाबद्दल विचारलं तर ही रचना खरंच उपयोगी पडते. पण वुड फक्त पुन्हा पुन्हा केलेल्या कामांना चालतो, असण्याला चालत नाही. आमच्याकडे कुत्रा होता, हे "वी वुड हॅव अ डॉग" होत नाही, "वी यूज्ड टू हॅव अ डॉग". तसंच बी, लिव्ह, लाइक, नो, बिलीव्ह ह्यांना यूज्ड टू च. आणि काळ सांगितल्याशिवाय नुसतं "आय वुड गो" म्हटलं तर ते "मी गेलो असतो" किंवा "मी जाईन" कडे झुकतं, म्हणून आधी एव्हरी मे, व्हेन आय वॉज अ चाइल्ड असं काहीतरी हवं.

आता सवयीचं. मला सवय आहे म्हणजे आय ॲम यूज्ड टू. इथे यूज्ड हे क्रियापद नाहीच, ते टायर्ड, हॅपी सारखं विशेषण आहे, म्हणून त्याच्या आधी ॲम, इज, आर, वॉज, विल बी काहीतरी लागतं आणि काळ तेच सांगतं. मला गर्दीची सवय आहे, "आय ॲम यूज्ड टू क्राउड्स". पुण्याहून मुंबईत आले तेव्हा लोकलची सवय नव्हती, "आय वॉजन्ट यूज्ड टू लोकल ट्रेन्स". पुढे नाम आलं तर काही प्रश्नच नाही. प्रश्न येतो क्रियापद आलं की, आणि तिथे आयएनजी लावायचं असतं, "आय ॲम यूज्ड टू वर्किंग अंडर प्रेशर". रेझ्युमे उघडून हे आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा, नंतर विसरायला होतं.

टू नंतर आयएनजी कसा काय, टू नंतर तर साधं क्रियापद असतं ना, हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो आणि तो योग्यच प्रश्न आहे. ह्याची एक टेस्ट आहे जी मला स्वतःला सगळ्यात भरवशाची वाटते. टू नंतर नुसतं "इट" (म्हणजे "ते", खाण्याचं ईट नाही) ठेवून बघा. "आय ॲम यूज्ड टू इट" बसतं, म्हणजे हा टू "ची, ला" अशा अर्थाचा आहे, त्याला पुढे नाम लागतं, आणि क्रियापदाला नाम बनवायचं तर आयएनजी लावावाच लागतो. "आय यूज्ड टू इट" असं बसवून बघा, त्याला काही अर्थच होत नाही, म्हणजे तिथला टू क्रियापदाचा आहे, तिथे साधं गो, ईट, लिव्ह. हीच टेस्ट ऑफिसच्या मेलला लावा: "आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू इट" बसतं, मग "लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू" बरोबर, "टू मीट यू" चूक. एका टेस्टमध्ये दोन दुखणी गेली.

पण मराठी "सवय" हा शब्द थोडा दगा देतो, तेवढं सांभाळा. मला गर्दीची सवय आहे आणि त्याला नखं खायची सवय आहे, मराठीत दोन्ही सवयच, पण इंग्लिशमध्ये दुसऱ्याला यूज्ड टू लावायचं नाही. ओळखायचं कसं? "सवय आहे" च्या जागी "त्याचं मला काही वाटत नाही" ठेवून बघा. गर्दीचं मला काही वाटत नाही, बसलं, म्हणजे यूज्ड टू. नखं खायचं त्याला काही वाटत नाही, हे म्हणायचंच नव्हतं आपल्याला, तो फक्त नखं खातो, म्हणजे "ही बाइट्स हिज नेल्स" किंवा "ही हॅज अ हॅबिट ऑफ बायटिंग हिज नेल्स". आणि ते "आय ॲम हॅबिच्युअल ऑफ टी" हे जे बरेच लोक म्हणतात ते पूर्णपणे सोडून द्या, इंग्लिशमध्ये तसं कोणी म्हणत नाही. सकाळी चहा लागतो असं सांगायचं तर "आय नीड माय टी इन द मॉर्निंग", किती सोपं आहे. अकस्टम्ड टू हा यूज्ड टू चाच जरा फॉर्मल भाऊ, पत्रात रिपोर्टमध्ये वापरा, त्याच्या पुढेही आयएनजीच.

सवय होण्याची जी प्रोसेस असते तिला गेट. इथे मराठी आणि इंग्लिश इतके छान जुळतात की नुसतं समोरासमोर ठेवलं तरी पुरे. होईल सवय, "यू विल गेट यूज्ड टू इट". झाली सवय, "आय हॅव गॉट यूज्ड टू इट". होतेय हळूहळू, "आय ॲम गेटिंग यूज्ड टू इट". काही केल्या अंगवळणी पडत नाही, "आय जस्ट कान्ट गेट यूज्ड टू इट". अमेरिकेत नव्याने गेलेल्यांना हे पहिल्याच आठवड्यात लागतं, कारण तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि आपला हात डावीकडे चालवण्यात बसलेला असतो: "आय ॲम स्टिल गेटिंग यूज्ड टू ड्रायव्हिंग ऑन द राइट". आणि कोणी नवीन गावात, नवीन नोकरीत, नवीन घरात घाबरून गेलेलं असेल तर "यू विल गेट यूज्ड टू इट" हे वाक्य धीर द्यायला फार उपयोगी पडतं, पाठच करून ठेवा.

एक शेवटचा यूज्ड टू राहिला, तो वापरण्याचा. अडकित्ता सुपारी कातरायला वापरतात, "ॲन अडकित्ता इज यूज्ड टू कट सुपारी". बघा, इथे इज यूज्ड टू आहे आणि तरी पुढे कट साधंच, कारण ह्याचा सवयीशी संबंधच नाही, अडकित्त्याला कसली सवय. कर्ता वस्तू असेल आणि अर्थ "साठी वापरतात" असेल तर साधं क्रियापद. उच्चारही वेगळा आहे, इथे "यूझ्ड", "जरा" मधल्या ज च्या जवळचा, आणि सवयीच्या किंवा जायचोच्या यूज्ड टू मध्ये "यूस्ट", स्वच्छ स. "आय यूझ्ड अ पेन" आणि "आय यूस्टू राइट", दोन्ही मोठ्याने चार-पाच वेळा म्हणून बघा, जीभ लगेच शिकते.

प्रॅक्टिससाठी कुठलंही वर्कबुक घ्यायची गरज नाही. स्वतःच्या आयुष्यातली वाक्यं घ्या, आधी मराठीत म्हणा, यचो आहे का सवय ते ठरवा, मग इंग्लिश करा. ही काही करून बघा, उत्तर न बघता: आम्ही चाळीत राहायचो. मला एकटीने राहायची सवय नाही. तू आधी चष्मा लावायचीस का? हवेची होईल सवय. बाबा दोन वर्षं बेळगावला होते. ती रोज रात्री दूध पिते.

आता बघा: वी यूज्ड टू लिव्ह इन अ चाळ. आय ॲम नॉट यूज्ड टू लिव्हिंग अलोन. डिड यू यूज टू वेअर ग्लासेस? यू विल गेट यूज्ड टू द वेदर. बाबा लिव्ह्ड इन बेळगाव फॉर टू इयर्स. शी ड्रिंक्स मिल्क एव्हरी नाइट. शेवटच्या दोनांत यूज्ड टू घातला असेल तर वर जाऊन "मोजून सांगायचं असेल" आणि "आजची सवय" हे दोन भाग परत वाचा, बहुतेकांचं अडतं ते तिथेच.